पत्त्यांवरचे दोन खांब : टॅरोची चित्रे आणि फ्रीमेसनरीची चिन्हे

टॅरोच्या पत्त्यांचा जो संच आज जगभर सर्वांत परिचित आहे, तो १९०९ च्या डिसेंबरात लंडनमध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने बाजारात आणला. त्यातला दोन क्रमांकाचा पत्ता आपण नीट पाहू. निळ्या वस्त्रांतली एक स्त्री बसलेली आहे. तिच्या मांडीवर अर्धवट झाकलेली गुंडाळी, पायाशी चंद्रकोर, पाठीमागे डाळिंबांची नक्षी असलेला पडदा. तिच्या एका बाजूला काळा खांब असून त्यावर रोमन लिपीतले ‘बी’ हे अक्षर आहे. दुसऱ्या बाजूला पांढरा खांब असून त्यावर ‘जे’ आहे. पत्त्याचे नाव ‘हाय प्रीस्टेस’, म्हणजे मुख्य पुजारीण.

बायबलच्या जुन्या करारातील ‘पहिले राजे’ या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिराचे वर्णन येते. मंदिराच्या देवडीपाशी पितळेचे दोन खांब उभारले होते. प्रत्येकाची उंची १८ हात, माथ्यावर डाळिंबांच्या माळा. एकाचे नाव याखीन, दुसऱ्याचे बवाज. या दोन नावांची आद्याक्षरे म्हणजेच पत्त्यावरची ती दोन अक्षरे. फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये हेच दोन खांब प्रतीकरूपाने उभे असतात आणि दीक्षेच्या पहिल्या पायऱ्या त्यांच्या नावांशी जोडलेल्या असतात. तेव्हा हा पत्ता पाहून एखाद्या वाचकाने ‘टॅरो हे मुळात फ्रीमेसनांचे गुप्त चित्रशास्त्र आहे’ असा निष्कर्ष काढला, तर त्याला वेडगळ म्हणता येणार नाही. खांब तिथे आहेत, अक्षरेही आहेत.

आणि तरीही हा निष्कर्ष चुकीचा आहे. चिन्हे खरी असूनही त्यांवरून काढलेला इतिहास खोटा कसा ठरतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे महत्त्व वाटावे, कारण प्रतीके वाचणे हा आपलाही व्यवसाय आहे, आणि येथे जे घडले ते वाचनाच्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण आहे.

खेळ

प्रथम कालक्रम. खेळायचे पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले, ते इजिप्तच्या मामलुक राज्यातून. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात मामलुक पत्त्यांचा जो जुना संच आहे त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळण्याच्या काठ्या असे चार रंग आहेत, आणि त्यावरील मजकुरात ‘कंजिफा’ हा शब्द आढळतो. आपल्या गंजिफ्याशी असलेले त्याचे नाते उघड आहे. इटलीत पोलो कोणाला ठाऊक नसल्याने त्या काठ्यांचे सोटे झाले; बाकीचे तीन रंग तसेच राहिले.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीतील कोणा कल्पक माणसाने या ५६ पत्त्यांना आणखी २२ चित्रपत्त्यांची जोड दिली. १४४० साली फ्लोरेन्समधल्या एका रोजनिशीत आणि १४४२ साली फेरारा येथील दरबाराच्या हिशेबवहीत या नव्या पत्त्यांचा उल्लेख ‘त्रियोन्फी’ या नावाने सापडतो. हे २२ पत्ते कशासाठी होते? हुकमासाठी. आपल्याकडे चार रंगांपैकी एक रंग हुकूम ठरतो; टॅरोत हुकमाचा वेगळा, कायमचा पाचवा रंगच होता. सम्राट, पोप, प्रेमिक, रथ, न्याय, मृत्यू, सैतान, चंद्र, सूर्य, अंतिम न्यायाचा दिवस अशी त्यांची चढती भाजणी. वरच्या पत्त्याने खालच्याला मारायचे आणि हात करायचे, इतका साधा त्यांचा उपयोग. ‘त्रियोन्फी’ हा शब्द विजययात्रांच्या मिरवणुकींवरून आला. अशा मिरवणुकींत एकामागून एक रूपकात्मक रथ निघत, आणि प्रत्येक रथ आधीच्यावर मात करणारा असे.

१४५० च्या सुमारास मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेल्या संचातील ७४ पत्ते आज उपलब्ध आहेत. त्यातले ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कारारात आणि उरलेले १३ एका खाजगी संग्रहात. सोन्याच्या वर्खावर काढलेली ही चित्रे दरबारी ऐश्वर्याची आहेत. त्यांच्यात गूढ काही असेल तर ते त्या काळच्या कोणत्याही ख्रिस्ती चित्रात असते तेवढेच.

मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपण पाहिलेली असते. बारा-बारा पत्त्यांचे दहा रंग, एकूण १२० गोल पत्ते, लाखेचा लेप, आणि प्रत्येक रंगाला विष्णूचा एक अवतार. पत्त्यावर मत्स्य आणि कूर्म आहेत म्हणून तो वैष्णवांचा सांकेतिक ग्रंथ आहे असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. ज्या समाजात खेळ चालतो त्या समाजाच्या मनातली चित्रे खेळावर उतरतात, एवढेच त्यातून कळते. इटलीच्या पत्त्यांवर पोप आणि सैतान उतरले ते याच न्यायाने.

लॉज

आता फ्रीमेसनरीकडे वळू. लंडनची ग्रँड लॉज १७१७ साली स्थापन झाली असे परंपरा सांगते. अलीकडे काही इतिहासकारांनी ही तारीख १७२१ पर्यंत पुढे ओढली आहे. जेम्स अँडरसनने लिहिलेली तिची घटना १७२३ ची. त्याआधीही खऱ्याखुऱ्या पाथरवटांच्या संघटना होत्या, आणि स्कॉटलंडमधल्या लॉजांची इतिवृत्ते १५९९ पर्यंत मागे जातात. अगदी तो आरंभ मानला, तरी व्हिस्कोंती-स्फोर्झा पत्ते रंगवले गेले त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. १४५० च्या चित्रकाराने लॉजच्या प्रतीकांवरून चित्रे काढणे अशक्यच होते.

फ्रीमेसनरीची स्वतःची चित्रभाषा बांधकामाच्या अवजारांतून घडली. गुण्या, कर्कटक, ओळंबा, पाणसळ, हातोडा, छिन्नी, खडबडीत दगड आणि घडवलेला दगड. नीतीचा सगळा उपदेश या वस्तूंच्या आधाराने केला जातो. दीक्षेच्या तीन पायऱ्याही गवंड्यांच्या जगातल्याच आहेत : उमेदवारी करणारा शिकाऊ, मग कारागीर, मग उस्ताद. उस्तादाच्या दीक्षेत शलमोनाच्या मंदिराचा स्थपती हिराम याच्या खुनाची कथा नाट्यरूपाने घडवली जाते. हे सारे फार गुप्त होते असेही नाही. सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या लेखकाने १७३० मध्येच एका पुस्तिकेत या तिन्ही दीक्षा, खांबांच्या नावांसह, छापून टाकल्या होत्या.

जुन्या टॅरोत यातले काय आहे? गुण्या नाही, कर्कटक नाही, हिराम नाही. साम्य दिसते ते दुसऱ्याच ठिकाणी. टॅरोत न्याय, धैर्य आणि संयम हे तीन सद्‌गुण स्त्रीरूपात येतात. लॉजमध्ये नवशिक्याला न्याय, धैर्य, संयम आणि विवेक हे चार सद्‌गुण सांगितले जातात. सूर्य, चंद्र आणि तारे दोन्हीकडे आहेत. पण हे चार सद्‌गुण ग्रीक तत्त्वज्ञानातून ख्रिस्ती नीतिशास्त्रात आले होते आणि युरोपभरच्या चर्चच्या भिंतींवर रंगवलेले होते. पादुआच्या स्क्रोव्हेन्यी प्रार्थनागृहात जोत्तोने ते १३०५ च्या सुमारास चितारले. टॅरोच्या चित्रकाराने आणि पुढे लॉजच्या संस्थापकांनी, दोघांनीही, ते एकाच विहिरीतून शेंदले. दोन घरांत सारखे पाणी असले म्हणजे एका घरातून दुसऱ्यात नळ गेलेला असतोच असे नाही. हा विचार तुलनात्मक अभ्यासात वारंवार विसरला जातो.

टॅरोत चौथा सद्‌गुण, विवेक, नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पुढे तिला महत्त्व येते.

एका दुपारचे वाचन

टॅरो आणि फ्रीमेसनरी यांची पहिली खरी गाठ पडली ती १७८१ मध्ये, पॅरिसला. आंत्वान कूर द जेबेलॅं हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, बहुभाषी पंडित आणि उत्साही फ्रीमेसन. ‘नऊ भगिनी’ या नावाच्या ज्या नामांकित लॉजने १७७८ मध्ये व्हॉल्तेरला वृद्धापकाळी दीक्षा दिली आणि जिचे प्रमुखपद पुढे बेंजामिन फ्रँकलिनकडे आले, त्या लॉजचा तो सभासद. ‘ल मोंद प्रिमितीफ’, म्हणजे ‘आदिम जग’, हा त्याचा बृहद्‌ग्रंथ १७७३ ते १७८२ या काळात नऊ खंडांत प्रसिद्ध झाला. सर्व भाषा आणि सर्व पुराणकथा एका आद्य ज्ञानातून निघाल्या असे सिद्ध करण्याची त्याची आकांक्षा होती.

आठव्या खंडात तो सांगतो, की एका परिचित बाईंकडे गेलो असता तिथे टॅरोचा डाव चालला होता. पॅरिसमध्ये तेव्हा हा खेळ फारसा प्रचलित नव्हता. पत्ते पाहताच त्याला ते प्राचीन इजिप्तचे असल्याचा साक्षात्कार झाला, आणि पाव तासात त्याने उपस्थितांना सर्व पत्त्यांचा अर्थ उलगडून दाखवला. त्याच्या मते इजिप्तच्या पुजाऱ्यांनी आपले ज्ञान वाचवण्यासाठी ते खेळाच्या रूपात दडवले; ज्ञान मरते, पण जुगार मरत नाही. ‘टॅरो’ या शब्दाची त्याने इजिप्शियन व्युत्पत्तीही दिली : ‘राजमार्ग’. इजिप्शियन लिपी तेव्हा कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्योंने ती उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनंतर. अज्ञात लिपी आणि अपरिचित खेळ, दोन्हीही मोकळ्या जागा. जेबेलॅंने एक दुसरीत भरली.

त्याच्या पद्धतीचा नमुना म्हणून ‘उलटा टांगलेला माणूस’ हा पत्ता घ्यावा. जुन्या इटलीत विश्वासघातक्यांची बदनामी करण्यासाठी त्यांची पायाने उलटी टांगलेली चित्रे सार्वजनिक भिंतींवर रंगवीत. पत्त्याचे एक जुने इटालियन नावही ‘गद्दार’ असेच आहे. जेबेलॅंला हे ठाऊक नव्हते. त्याला दिसले एवढेच, की तीन सद्‌गुण आहेत आणि चौथा नाही. चार सद्‌गुणांची मोजणी ज्याच्या कानावर नित्य पडते अशा माणसाला ही उणीव खुपणारच. मग त्याने ठरवले, की हा टांगलेला माणूस म्हणजेच विवेक. मुळात तो एक पाय जपून पुढे टाकीत सरळ उभा होता, पण अडाणी पत्ते छापणाऱ्याने चित्र उलटे केले.

हा युक्तिवाद वाचताना हसू येते. पण हसून सोडून देण्याजोगा तो नाही, कारण आपल्या वाचनातही हीच चाल अनेकदा असते. संहितेत जे असायला हवे अशी आपली खात्री असते ते सापडले नाही, की आपण संहिताच बिघडली असे म्हणतो आणि मग ती दुरुस्त करतो. जेबेलॅंच्या दुरुस्तीचा परिणाम लगेच दिसला. एतेय्या या टोपणनावाने भविष्य सांगणाऱ्या झां-बाप्तिस्त आलियेत याने १७८९ मध्ये केवळ भविष्यकथनासाठी टॅरोचा नवा संच काढला. त्यात विवेक हा पत्ता आहे. साडेतीनशे वर्षे जो नव्हता तो सद्‌गुण एका वाचकाच्या आग्रहामुळे पत्त्यांत दाखल झाला.

बोकड

एकोणिसाव्या शतकात हे काम एलिफास लेवीने पुढे नेले. अल्फोंस लुई कोंस्तां हे त्याचे मूळ नाव. १८५४ ते १८५६ या काळात आलेल्या आपल्या जादूविषयक ग्रंथात त्याने २२ हुकूम आणि हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरे यांची सांगड घातली, आणि तेथून टॅरो हा ज्यू गूढविद्येचाही वारसदार ठरला. शलमोनाचे दोन खांब त्याच्या लेखनात वारंवार येतात. सक्रिय आणि निष्क्रिय, प्रकाश आणि अंधार अशा जगाच्या द्वंद्वाचे ते त्याला प्रतीक वाटत. गंमत अशी, की हे लिहिताना तो फ्रीमेसन नव्हता. १८६१ मध्ये तो पॅरिसच्या एका लॉजमध्ये दाखल झाला, पण तिथे फार काळ रमला नाही.

याच ग्रंथात लेवीने एक चित्र काढले : बोकडाचे तोंड, पंख, स्त्रीचे स्तन, कपाळावर पंचकोनी तारा, एक हात वर आणि एक खाली. त्याला त्याने बाफोमेत म्हटले. हे नाव चौदाव्या शतकाच्या आरंभी टेम्प्लर योद्ध्यांवर चाललेल्या खटल्यातले; लेवीने ते टॅरोच्या पंधराव्या पत्त्याशी, सैतानाशी, जोडले. त्याच्या लेखी ही परस्परविरोधी शक्तींच्या समतोलाची प्रतिमा होती.

चित्र मात्र लेखकाच्या हेतूला बांधलेले राहत नाही. १८८५ पासून लेओ ताक्सिल या फ्रेंच लेखकाने फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात अशा पुस्तकांचा सपाटा लावला आणि जाहिरातींसाठी लेवीचा हाच बोकड लॉजमध्ये बसवून दाखवला. पोप तेराव्या लिओने १८८४ मध्ये फ्रीमेसनांविरुद्ध परिपत्रक काढलेले असल्याने या पुस्तकांना श्रद्धाळू वाचक भरपूर मिळाला. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधल्या भरसभेत ताक्सिलने जाहीर केले, की बारा वर्षांचा हा सारा मजकूर आपण रचलेली थाप होती. श्रोते खवळले, पण कबुलीपेक्षा चित्राचे आयुष्य मोठे निघाले. १९०९ च्या संचातला सैतान पाहिला तर त्यावर लेवीच्या बोकडाची छाया स्पष्ट दिसते. आज जो कोणी तो पत्ता पुढे करून ‘पाहा, फ्रीमेसनांचा सैतान’ असे म्हणतो, त्याला हा प्रवास ठाऊक नसतो. फ्रीमेसन नसताना एकाने काढलेले चित्र, थापाड्याने फ्रीमेसनांच्या माथी मारलेले, आणि पुढे खरोखरच एका फ्रीमेसनाच्या देखरेखीखाली पत्त्यावर आलेले!

ही केवळ पुस्तकी करमणूक नव्हती. ऑगस्ट १९४० मध्ये फ्रान्सच्या विशी सरकारने गुप्त संघटनांविरुद्ध कायदा करून लॉजा बंद केल्या. त्याच ऑक्टोबरात पॅरिसच्या पती पाले या इमारतीत लॉजमधून जप्त केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरवून लोकांना ‘कट’ उघडा करून दाखवण्यात आला, आणि १९४१ मध्ये हजारो फ्रीमेसनांची नावे सरकारी राजपत्रात छापून त्यांना सार्वजनिक पदांवरून दूर करण्यात आले. चिन्हांवरून गुन्हा सिद्ध करण्याची सवय कुठवर जाऊ शकते, ते यातून दिसते.

पाथरवट आणि चित्रकर्ती

पत्त्यांवर फ्रीमेसनरीची चिन्हे जाणीवपूर्वक उतरवणारे लोक लेवीनंतरचे. स्वित्झर्लंडचा ओस्वाल्ड विर्थ हा फ्रीमेसन. त्याने १८८९ मध्ये २२ हुकमांचा नवा संच काढला आणि पुढे लॉजच्या तिन्ही पायऱ्यांवर एकेक पुस्तकही लिहिले. लंडनमध्ये १८८८ साली ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची संस्था स्थापन झाली. तिचे तिन्ही संस्थापक, वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन, फ्रीमेसन होते. संस्थेची पायरी-पायरीची रचना आणि दीक्षाविधीतले दोन खांब लॉजच्या वळणाचे होते. पण एक फरक त्यांनी केला : इंग्लंडच्या अधिकृत लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता, तो येथे होता.

आर्थर एडवर्ड वेट हा या संस्थेचा सभासद. १९०१ मध्ये तो फ्रीमेसन झाला, आणि १९२१ मध्ये त्याने फ्रीमेसनरीचा कोशही लिहिला. याच वेटने चित्रकर्ती पामेला कोलमन स्मिथ हिच्याकडून १९०९ चा संच काढून घेतला. तीही १९०१ पासून ‘गोल्डन डॉन’मध्ये होती. वेटने सोबतच्या पुस्तकात जेबेलॅंचा इजिप्तचा सिद्धान्त साफ फेटाळला आहे; टॅरोचा चौदाव्या शतकापूर्वीचा इतिहास नाही हे तो बजावतो. म्हणजे खांब काढवून घेणाऱ्याला ते जुने नाहीत याची पूर्ण कल्पना होती.

आता पुन्हा त्या दोन क्रमांकाच्या पत्त्याकडे पाहू. जुन्या फ्रेंच संचांत हा पत्ता ‘स्त्री-पोप’ म्हणून ओळखला जाई. डोक्यावर तिहेरी मुकुट, हातात ग्रंथ, मागे एक पडदा. अक्षरांकित खांब नाहीत. उलट पाचव्या पत्त्यावरच्या पोपमागे दोन खांब असत, पण ते कुठल्याही चर्चमधले साधे खांब. वेटने दोन्ही पत्त्यांना खांब दिले आणि हायरोफंट नाव मिळालेल्या पोपचे खांब हे पुजारिणीच्या मंदिराचे खांब नव्हेत, असा खुलासाही केला. मृत्यूच्या पत्त्यावरही क्षितिजापाशी दोन खांब दिसतात आणि त्यांच्यामधून सूर्य उगवतो. याला योगायोग म्हणता येत नाही. चिन्हाचा इतका विचारपूर्वक, भेद राखून केलेला वापर म्हणजे लेखनच.

‘नाणी’ या रंगाचे वेटच्या संचात पंचकोनी ताऱ्यांच्या चकत्या झाल्या. त्यातली तिर्री आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. मठाच्या कमानीखाली एक पाथरवट बाकावर उभा राहून काम करतो आहे. समोर एक साधू, आणि बांधकामाचा आराखडा हाती धरलेला आणखी एक जण. अठ्ठीत एकटा कारागीर बाकावर बसून चकत्या घडवताना दिसतो. वेट म्हणतो की दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत : अठ्ठीतला उमेदवार तिर्रीत खऱ्या कामाला लागला आहे. लॉजच्या पायऱ्या ज्याला माहीत आहेत त्याला हा इशारा कळतो. ज्याला माहीत नाहीत त्याच्यापुढेही कष्टाने शिकलेल्या हाताचे एक सुंदर चित्र उरतेच. आधीच्या बहुतेक संचांत अशा पत्त्यांवर नुसती तीन किंवा आठ नाणी असत. माणसे आणि प्रसंग येथे आले ते पामेला स्मिथच्या रेखाटनांतून.

सर्व ७८ पत्ते तिने काही महिन्यांत पूर्ण केले. काम मोठे आणि मोबदला अगदी थोडा, असे तिने त्याच वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीगलिट्झला कळवले होते. पुढे अनेक दशके हा संच ‘रायडर-वेट’ याच नावाने ओळखला गेला : प्रकाशकाचे नाव आणि सूचना देणाऱ्याचे नाव. चित्रकर्तीची खूण राहिली पत्त्यांच्या कोपऱ्यातल्या गुंफलेल्या अक्षरांपुरती. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती आर्थिक विवंचनेत वारली. अलीकडे अभ्यासक तिचे नाव जोडून ‘रायडर-वेट-स्मिथ’ असे म्हणू लागले आहेत.

ज्या खांबांमधून आत जाण्याचा अधिकार वेटला होता आणि तिला नव्हता, ते तिने काढले. ॲनी बेझंटबाईंच्या पुढाकाराने स्त्रीपुरुषांना एकत्र प्रवेश देणारी लॉज १९०२ मध्ये लंडनला सुरू झाली होती, पण इंग्लंडच्या ग्रँड लॉजने असल्या लॉजांना मान्यता दिली नाही. आणि हे खांब तिने एका स्त्रीच्या दोन्ही बाजूंना उभे केले. गर्ट्रूड मोकली या ग्रंथपाल-संशोधिकेने १९६६ मध्ये असे सुचवले होते, की व्हिस्कोंती-स्फोर्झा संचातली स्त्री-पोप म्हणजे त्या घराण्याच्या नात्यातली मायफ्रेदा. एका पंथाने तिला आपली पोप मानले होते, आणि १३०० साली मिलानमध्ये तिला जाळण्यात आले. हे मत सर्वमान्य नाही. पण ज्या पदावर स्त्रीला बसता येत नाही त्या पदावरची स्त्री हा या पत्त्याचा विषय पहिल्यापासून होता, हे मान्य करायला मोकलीचे मत स्वीकारण्याची गरज नाही. खांब नवे आहेत. त्यांच्यामधला प्रश्न जुना आहे.

वाचनाची शिस्त

टॅरोचा इतिहास कागदपत्रांच्या आधारे उभा केला तो मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने. त्याचा ‘द गेम ऑफ टॅरो’ १९८० मध्ये आला. रोनाल्ड डेकर आणि तिएरी दपोलीस यांच्यासह लिहिलेला ‘अ विकेड पॅक ऑफ कार्ड्‌झ’ १९९६ मध्ये. अठराव्या शतकापूर्वी टॅरोचा गूढविद्येशी संबंध असल्याचा पुरावा नाही, हा त्याच्या कामाचा गाभा. दुसऱ्या पुस्तकाचे शीर्षक एलियटच्या १९२२ मधील ‘द वेस्ट लँड’वरून घेतलेले आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या कवितेच्या टिपांत एलियट कबूल करतो, की टॅरोच्या संचाची नेमकी रचना आपल्याला ठाऊक नाही आणि सोयीप्रमाणे आपण तीत बदल केला आहे. बुडालेला फिनिशियन खलाशी हा पत्ता कोणत्याच संचात नाही. तीन सोटे घेतलेला माणूस मात्र आहे. आणि तो माणसाच्या रूपात दिसतो तो स्मिथने चितारलेल्या तिर्रीवर. विसाव्या शतकातल्या या थोर कवितेत तिचा हात असा नकळत पोहोचलेला असावा. इतालो काल्विनोने १९७३ च्या ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’मध्ये वेगळी वाट धरली. मुक्या झालेल्या प्रवाशांनी पत्ते मांडून आपापल्या कथा सांगायच्या, अशी त्याची युक्ती आहे. तिथे एकच पत्ता शेजारच्या पत्त्यानुसार अर्थ बदलतो, आणि त्यात कोणतेही आद्य रहस्य गृहीत धरलेले नाही.

टॅरोमध्ये फ्रीमेसनरीची प्रतीके आहेत का, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी विचारावे लागेल : कोणत्या टॅरोमध्ये? १४५० च्या संचात नाहीत. १७८१ च्या निबंधात ती पत्त्यांवर नाहीत, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहेत. १९०९ च्या संचात ती निःसंशय आहेत, कारण तोवर वाचकच चित्रे काढवून घेऊ लागले होते. जेबेलॅंचे चुकीचे वाचन सव्वाशे वर्षांनी खऱ्या चिन्हांच्या रूपात छापून आले, आणि आता तीच चिन्हे त्या मूळ वाचनाचा पुरावा म्हणून दाखवली जातात. हे वर्तुळ एकदा दिसले, की पत्ता टाकाऊ ठरत नाही. उलट त्यावरच्या प्रत्येक रेषेला तिची तारीख मिळते. पडदा पंधराव्या-सोळाव्या शतकाचा, द्वंद्वाचे तत्त्वज्ञान लेवीचे, अक्षरे वेटच्या लॉजमधली, आणि निळ्या वस्त्राची ती शांत, समोर पाहणारी स्त्री पामेला कोलमन स्मिथची.

वर्गात प्रतीकांविषयी बोलताना आपण ‘याचा अर्थ काय’ असे लगेच विचारतो. त्याआधी ‘हे येथे कोणी, केव्हा आणि कोणासाठी ठेवले’ हे विचारण्याची सवय लागली, तर जेबेलॅंची घाई आणि ताक्सिलच्या वाचकांचा भोळेपणा, दोन्ही टळतील. दोन खांबांचा हा पत्ता विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यावरच्या एकेका वस्तूला साल लावायला सांगावे. एका तासाला पुरेल एवढा इतिहास त्यात आहे.